मलकापूरचा मुक्काम, १८०३ : युद्धाआधीचे इशारे आणि ते ऐकून न ऐकणारे

३ ऑगस्ट १८०३ रोजी कर्नल जॉन कॉलिन्स, म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या दरबारातला इंग्रजांचा रेसिडेंट, छावणी सोडून औरंगाबादच्या वाटेला लागला. शिंद्यांच्या आणि नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या (दुसरे) फौजा तेव्हा मलकापूरच्या बाजूला, अजिंठ्याच्या डोंगराखाली पडल्या होत्या. रेसिडेंट निघाला म्हणजे बोलणी संपली. तीन दिवसांनी, ६ ऑगस्टला, जनरल आर्थर वेलस्लीनं युद्ध पुकारलं. १२ तारखेला अहमदनगरचा किल्ला त्याच्या हातात होता. मग असई, आडगाव, गाविलगड, देवगावचा तह, सुर्जी-अंजनगावचा तह. वर्ष संपायच्या आत सगळं आटोपलं. या पाच नावांतलं असई जालन्याकडचं. बाकीची चारही आपल्या वऱ्हाडातली आहेत. आडगाव तेल्हारा तालुक्यात, उरलेली अमरावती जिल्ह्यात.

आमच्या वाचनालयात भोसल्यांच्या इतिहासाचं एक जुनं, शिवण उसवलेलं पुस्तक आहे. हिवाळ्यात आम्ही काही जणांनी ते मिळून वाचलं. लढायांना त्यात पानंच्या पानं दिलेली, आणि मलकापूरच्या त्या दोन महिन्यांना जेमतेम दीड पान. आम्ही त्या दीड पानावरच अडून बसलो. प्रश्न साधा होता. दोन महिने वकील येत-जात होते, पत्रं जात होती, दोन्हीकडे शहाणी माणसं होती. पुढे काय होणार हे सांगणारेही होते. मग त्यांचं कोणी ऐकलं का नाही?

आधीची पाच-सात वर्षं

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध सगळे मराठे सरदार एकत्र लढले. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले, सगळे. नंतर तसं कधी झालं नाही. त्याच वर्षी सवाई माधवराव गेले आणि घर फिरलं. १७९७ मध्ये पुण्यात शिंद्यांच्या माणसांनी मल्हारराव होळकरांना (दुसरे) मारलं. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावानं विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. यशवंतराव होळकर या दोघांचे भाऊ. २५ ऑक्टोबर १८०२ ला त्यांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्र फौजेचा पार धुव्वा उडवला. बाजीराव पळाला तो इंग्रजांच्या आसऱ्याला वसईत पोचला आणि ३१ डिसेंबर १८०२ ला त्यानं वसईच्या तहावर सही केली.

तहात काय होतं? इंग्रजांची निदान सहा हजार पायदळाची तैनाती फौज कायमची पदरी घ्यायची. तिच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख द्यायचा. निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेली भांडणं इंग्रजांच्या निवाड्यावर सोडायची. आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणं करायचं नाही. हे शेवटचं कलम सगळ्यात जड. नागपूर आणि उज्जैन यांच्यासाठी पुण्याचं दार त्यानं बंद झालं.

आता याला कोणी 'अचानक' म्हणत असेल तर म्हणो. निजामानं १७९८ मध्ये हाच मार्ग धरला, त्याची फ्रेंच पद्धतीची पलटण मोडली गेली आणि १८०० मध्ये फौजेच्या खर्चापोटी मुलूखही गेला. १७९९ मध्ये टिपू पडला. १८०१ मध्ये अवधच्या नवाबानं साधारण अर्धं राज्य लिहून दिलं. नाना फडणीस होते तोवर तैनाती फौज पुण्यात येऊ द्यायची नाही हे धोरण टिकलं. मार्च १८०० मध्ये ते गेले. नागपूरकरांना तर हे घरात बसून कळलेलं होतं. १७९९ ते १८०१ या काळात हेन्री कोलब्रुक, तोच तो संस्कृतचा मोठा अभ्यासक, इंग्रजांचा वकील म्हणून नागपुरात होता. रघूजींना तहात ओढायचं हे त्याचं काम. रघूजींनी दाद दिली नाही आणि तो परत गेला. म्हणजे या माणसाला धोका कळत नव्हता असं म्हणता येत नाही. त्यानं दारातूनच परत पाठवलेली वस्तू पेशव्यानं घरात घेतली होती.

म्हणून रघूजींचं म्हणणं असं होतं की ज्या तहाचा परिणाम सगळ्या मराठी दौलतीवर होतो तो पेशव्यानं सरदारांना विचारून करायला हवा होता. इंग्रजांचं म्हणणं, पेशवा स्वतंत्र धनी आहे, त्यानं कोणाशी तह करायचा हे तो ठरवील. दोघंही आपापल्या जागी खरे. फक्त एक गोष्ट नागपूरच्या वतीनं बोलताना आपण सोयीनं विसरतो. १७८१ मध्ये बंगालवर जायला निघालेली भोसल्यांची फौज इंग्रजांचा तेव्हाचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याच्याकडून पैसे घेऊन कटकाकडेच थांबली होती, तीही पुणं इंग्रजांशी लढत असताना. 'सगळ्यांना विचारून' हा नियम नागपूरनंही आधी मोडलेला होता.

मलकापूरचे दोन महिने

रघूजी एप्रिलमध्ये नागपुरातून निघाले. दौलतराव मे महिन्यात बुऱ्हाणपुराहून सरकले. जूनच्या सुरुवातीला दोघं मलकापूरच्या बाजूला भेटले. दौलतराव तेव्हा ऐन पंचविशीच्या आतले, रघूजी वयानं आणि अनुभवानं मोठे. कॉलिन्स आधीपासून शिंद्यांच्या छावणीत होताच.

भेटीच्या आठवडाभर आधी, २८ मे रोजी, कॉलिन्सनं दौलतरावांना पेचात धरलं. वसईच्या तहाला तुमचा विरोध आहे की नाही, ते सरळ सांगा. दौलतरावांनी उत्तर दिलं त्याचा आशय असा, की राजांची, म्हणजे रघूजींची, भेट होऊ द्या, मग लढाई की सलोखा ते तुम्हाला कळवू. हे उत्तर आपल्याला कॉलिन्सच्या पत्रातूनच माहीत आहे, पण ते खोटं मानायचं कारण नाही.

माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात महाग वाक्य हेच. दौलतरावांच्या बाजूनं पाहिलं तर त्यात धमकी असेलच असं नाही. रघूजींना न विचारता ते खरोखरच काही ठरवू शकत नव्हते. आपल्याकडे सोयरीक ठरवतानाही 'मोठ्यांशी बोलून सांगतो' असंच म्हणतात, आणि त्यात बहुतेक वेळा वेळ मागून घेणंच असतं. पण कलकत्त्यात गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीनं, म्हणजे आर्थरच्या थोरल्या भावानं, ते वाचलं आणि त्याला त्यात अपमान आणि धमकी दिसली. एका राजानं इंग्रजांच्या वकिलाला तोंडावर सांगावं की लढायचं का ते मागाहून सांगू! २६ जूनला त्यानं भावाला युद्ध करायचे आणि तह करायचे, दोन्ही अधिकार लेखी दिले. ते पत्र १८ जुलैला आर्थरच्या हाती पडलं.

या तारखांकडे जरा बारकाईनं पाहा. २८ मे चं वाक्य, २६ जूनचा निर्णय, १८ जुलैची पोच. मधल्या काळात मलकापुरात बरंच बदललं होतं. जुलैमध्ये शिंदे-भोसल्यांनी लिहून दिलं होतं की आम्ही अजिंठ्याचा घाट चढणार नाही, पुण्यावर जाणार नाही. पण इंग्रजांचं यंत्र जुन्या वाक्यावर चालू झालं होतं. आणि एकदा अधिकार छावणीतल्या माणसाच्या हातात आले की त्याला पुन्हा कलकत्त्याला विचारायची गरज उरली नाही. मराठ्यांकडे नेमकं उलट. पेशवा पुण्यात इंग्रजांच्या पहाऱ्यात, आणि करार करूनही शिंदे-भोसल्यांकडे त्याचे छुपे निरोप चालूच. शिंदे आणि भोसले मलकापुरात. होळकर माळव्याच्या वाटेवर. एक निर्णय घ्यायचा तर चार ठिकाणी माणूस धाडावा लागे.

होळकरांचं काय झालं ते इथेच सांगून टाकतो. रघूजींनी मध्यस्थी करून शिंदे-होळकर समेट घडवायचा खूप प्रयत्न केला. बातम्या तर अशा होत्या की समेट झालाच. त्या बातम्यांनी होळकर आले नाहीत. इंग्रजांची धास्ती मात्र वाढली. तैनाती फौजेनं मराठी दौलत बुडेल हे यशवंतरावांना पहिल्यापासून दिसत होतं. पण ज्याच्या भावाला हत्तीच्या पायी दिलं त्यानंच बाजीरावाच्या तहाविरुद्ध सावध केलं, तर ऐकणाऱ्याला त्यात वैर आधी ऐकू येतं. शिंद्यांना होळकरांच्या बोलण्यात सूड दिसला, होळकरांना शिंद्यांच्या आमंत्रणात सापळा. १८०४ मध्ये होळकर इंग्रजांशी लढले तेव्हा शिंदे-भोसल्यांशिवाय लढले.

'मंग तिले चारा कोन देत होतं?'

आमच्या बैठकीत हा प्रश्न एका शेतकरी वाचकानं टाकला आणि पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. "दोन मयने एवढी फौज बसून खाय, मंग तिले चारा कोन देत होतं, सर? आपलेच गावं ना?"

होय, आपलीच गावं. वऱ्हाड तेव्हा दोअमली होता. राज्य निजामाचं आणि वसुलीत भोसल्यांचा मोठा वाटा. म्हणजे कुणब्याला दोन धनी आधीच होते, त्यात ही छावणी आली. तीही पेरणी-डवरणीच्या दिवसांत, जेव्हा बैल आणि माणसं दोन्ही शेतात लागतात. घोडदळ, तोफांचे बैल, बाजारबुणगे, पेंढारी. १८०३-०४ चा दुष्काळ दख्खनभर पडला, आणि त्याला पावसाइतकंच फौजांचं असं चरणं कारण होतं. छावणीत बसून 'वाट पाहू' म्हणणं फुकट नव्हतं. त्याचा खर्च वाट न पाहणारे भरत होते. गावकऱ्यांचं म्हणणं कोणी वकिलातीत मांडलं नाही, कारण त्यांचा वकीलच नव्हता.

वाट पाहण्याचा हिशेब मात्र दोन्ही बाजूंनी केला होता. मराठी फौजेचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं. शिलंगण करून निघायचं, पावसाळ्यात मुक्काम. तेव्हा ऑगस्टपर्यंत बोलणी लांबली तर काय बिघडतं, होळकर येईल, नद्या उतरतील, असा विचार स्वाभाविक होता. आर्थर वेलस्लीचं गणित याच्या बरोब्बर उलटं होतं. मराठ्यांशी लढायचं तर पावसाळ्यातच, हे त्यानं आधीच लिहून ठेवलं होतं. नद्या भरलेल्या असल्या की मराठी घोडदळाची चपळाई अडते, आणि त्याच्याकडे नद्या ओलांडायला कातड्यानं मढवलेल्या टोपलीसारख्या होड्यांची तयारी होती. जो वेळ छावणीला आपला वाटत होता तो जुलै संपेपर्यंत वेलस्लीचा झाला होता.

१८ जुलैला अधिकार मिळताच त्यानं निजामाच्या सरहद्दीचं कारण पुढे करून अट घातली. शिंद्यांनी नर्मदेपलीकडे जावं, रघूजींनी नागपुराला जावं, मग मीही फौज मागे घेतो. उत्तर आलं की आम्ही बुऱ्हाणपुरापर्यंत मागे जाऊ, तुम्ही त्याच वेळी श्रीरंगपट्टण, मद्रास, मुंबईला जा. वेलस्लीला हे कागदावर फाडून काढणं सोपं होतं. तुम्ही चार मुक्काम मागे सरकणार आणि आम्ही शेकडो कोस, हा कुठला न्याय? बुऱ्हाणपूर शिंद्यांचंच होतं, तिथे बसायला कोणाची परवानगी कशाला, हा मराठ्यांचा मुद्दाही खोटा नव्हता. पण वाटाघाटीत मुद्दा खरा असून भागत नाही, समोरच्याला नाही म्हणायला तो अवघड जावा लागतो. हा प्रस्ताव नाकारणं वेलस्लीला फारच सोपं गेलं. ६ ऑगस्टच्या पत्रात त्यानं तेच वापरलं, की मी दोघांच्या मानाचा सलोखा देऊ केला होता, तुम्ही लढाई निवडली, आता परिणामांना जबाबदार तुम्हीच. त्याच ६ ऑगस्टला हैदराबादेत निजाम अली मेला. ज्याच्या सरहद्दीच्या नावानं हे सगळं चाललं होतं तोच उरला नाही.

या टप्प्यावर आमच्याकडे वाद झाला आणि तो मिटला नाही. माझं म्हणणं असं, की रघूजींपुरतं पाहिलं तर अट हलकी होती. त्यांना स्वतःच्या घरी जायला सांगितलं होतं. एक बिघा जमीन जात नव्हती. परत नागपुराला गेले असते तर कटक आणि वऱ्हाड त्या साली तरी हातात राहिले असते. गेली असती ती फक्त शिंद्यांपुढची पत. तो शेतकरी वाचक मात्र ठाम होता. "आज नाई तं उद्या थे आलेच असते. अवधच्या नवाबानं कोनती लढाई केली होती? त्याचं अर्धं गेलंच ना?" यावर आमच्यातल्या एका कॉलेजच्या पोरीनं म्हटलं, "पन काका, घरी जाऊन तयारी तं करता आली असती." मला तिचं पटतं. काकांचंही खोडून काढता येत नाही. १८१७ मध्ये नागपूरच्या सीताबर्डीवर भोसले इंग्रजांशी लढले आणि हरले, ते त्यांच्या बाजूनं बोलतं.

'किंग कॉलिन्स'

इशारे फक्त मराठ्यांनीच कानाआड केले असं वाटून घेऊ नये. कॉलिन्स छावणीतून निघाला तो ऑगस्टच्या अखेरीस औरंगाबादजवळ वेलस्लीला भेटला. हा बुटका, जुन्या धर्तीचा पोषाख घालणारा, थाटामाटाचा शौकीन माणूस होता. पाठीमागे त्याला 'किंग कॉलिन्स' म्हणत. वेलस्लीच्या बरोबर असलेल्या ब्लॅकिस्टन या अधिकाऱ्यानं पुढे आठवणीत लिहिलंय की तो जत्रेत नटवलेल्या माकडासारखा दिसला. त्या भेटीत कॉलिन्सनं सांगितलं, जनरल, त्यांचं घोडदळ कुठेही भेटलं तरी तुडवून जाल, पण त्यांचं पायदळ आणि तोफा पाहून थक्क व्हाल. परत येताना जनरलसकट सगळे अधिकारी कॉलिन्सची टर उडवत घोडे हाकत होते. त्याचे शब्द किती खरे ठरणार याची आम्हाला कल्पना नव्हती, हे ब्लॅकिस्टनच कबूल करतो.

२३ सप्टेंबरला असईला वेलस्ली जिंकला, पण त्याचे दीड हजारांहून अधिक लोक मेले, जखमी झाले. लढणाऱ्यांतला साधारण तिसरा माणूस. मारणारे होते शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि त्यांचे गोलंदाज, ज्यांच्याजवळ कॉलिन्स कित्येक महिने राहून आला होता. त्याच्याइतकी माहिती वेलस्लीच्या अख्ख्या छावणीत कोणाकडे नव्हती. ती माहिती हास्यास्पद दिसणाऱ्या माणसाच्या तोंडून आली एवढंच.

होळकर आणि कॉलिन्स यांना शेजारी ठेवलं की या प्रकरणाची मेख सापडते असं मला वाटतं. दोघांची माहिती पक्की. दोघांचं ऐकलं गेलं, म्हणजे कानावर पडलं. ऐकणाऱ्यानं आधी सांगणाऱ्याकडे पाहिलं आणि तिथेच मोजमाप संपवलं. एकाच्या तोंडाला वैराचा वास, दुसऱ्याच्या डोक्यावर विचित्र टोप. फरक एवढाच की वेलस्लीला चूक परवडली. त्याच्याकडे सोन्यासारखी कवायती फौज, पैसा आणि एकमुखी हुकूम होता. दौलतराव-रघूजींना ती परवडणारी नव्हती.

आडगाव : तह कोणाशी होता?

अकोट-हिवरखेड रस्त्यानं जाताना आडगाव लागतं. उत्तरेला सातपुडा, बाकी चहूकडे सपाट काळी जमीन. नोव्हेंबरात तुरी फुलावर असतात आणि कापूस वेचणीला आलेला. शिरसोलीपासून आडगावापर्यंतच्या याच रानात २९ नोव्हेंबर १८०३ ला लढाई झाली. मला या लढाईत तोफांपेक्षा तिच्या आधीच्या आठवड्यात जास्त रस आहे.

असईनंतर दौलतरावांनी वकील धाडले. २३ नोव्हेंबरला वेलस्लीनं त्यांच्याशी लढाई थांबवायचा करार केला. करारात अट होती की शिंद्यांच्या फौजेनं एलिचपूरच्या (आजचं अचलपूर) पूर्वेला वीस कोस सरकायचं. रघूजींचं नाव करारात नव्हतं, आणि ते चुकून राहिलेलं नव्हतं. शिंदे आणि भोसले वेगळे व्हावेत म्हणून आपण ते बाहेर ठेवलं, असं वेलस्लीनं कलकत्त्याला कळवलं होतं.

शिंद्यांचं घोडदळ हललं नाही. ते भोसल्यांच्या फौजेजवळच राहिलं. तिथे रघूजींचे धाकटे भाऊ व्यंकोजी, ज्यांना मन्याबापू म्हणत, पायदळ आणि तोफा घेऊन होते. का हलले नसतील? माझा तर्क असा, की सही झाली म्हणजे लढाई थांबली, आणि शिंद्यांच्या सावलीत भोसलेही सुरक्षित, असं त्यांनी धरून चाललं असावं. आपल्या व्यवहारात तोंडी बोलणीला जी किंमत असते ती त्यांनी इंग्रजांच्या कागदाला दिली. त्या कागदाची किंमत मात्र त्यातल्या अटीइतकीच होती.

२९ तारखेला कर्नल स्टीव्हन्सनची, म्हणजे इंग्रजांचीच दुसरी, फौज येऊन मिळाल्यावर वेलस्ली पुढे निघाला. शिंद्यांचे वकील त्याच्याच छावणीत होते. त्यांनी गयावया केली की भोसल्यांवर हल्ला करू नका. वेलस्लीनं सांगितलं, राजाशी माझा करार नाही, आणि शिंद्यांनी अट पाळली नाही तोवर त्यांच्याशीही नाही. वकिलांनी हा इशारा वेळेत पुढे पाठवला का, पोचला का, पोचूनही कोणी मानला का, हे कागदांत सापडत नाही. दुपार कलताना पाच मैलांची मराठी फळी त्याच्यासमोर उभी होती.

लढाईत एक क्षण असा आला की उलटंही झालं असतं. असईला पाय रोवून लढलेल्या वेलस्लीच्या शिपायांच्या तीन पलटणी तोफांच्या पहिल्या माऱ्यात फुटल्या आणि मागे पळाल्या. वेलस्ली जवळ होता म्हणून त्यानं त्या पुन्हा उभ्या केल्या. मग अंधार पडेपर्यंत भोसल्यांची फळी मोडली. ३८ तोफा पडल्या. अजून तासभर उजेड असता तर एकही सुटला नसता असं वेलस्लीनं लिहिलं. पाठलाग मग चांदण्यात झाला.

गाविलगडावर थोडक्यात उरकतो, कारण तिथली गोष्ट वेगळी. किल्ला दक्षिणेकडून दुर्गम, उत्तरेला मात्र पठाराला जोडलेला. स्टीव्हन्सननं मेळघाटातून तोफा ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंह लढता लढता मेला. चिखलदऱ्याला सहलीला जाणारी पोरं त्या तटावर फोटो काढतात.

देवगाव आणि दहावं कलम

गाविलगड पडल्यावर दोन दिवसांत, १७ डिसेंबरला, देवगावच्या छावणीत रघूजींच्या वतीनं यशवंतराव रामचंद्र यांनी तह केला. कटक प्रांत बालेश्वरासकट इंग्रजांना. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख आणि हक्क सोडले. ते निजामाला गेले. नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले आणि त्यांच्या पायथ्याचा चार लाख उत्पन्नाचा मुलूख, त्यात अकोट आणि आडगावही, भोसल्यांकडे राहिला. तैनाती फौज रघूजींवर लादली गेली नाही. तेवढं त्यांनी शेवटपर्यंत वाचवलं. पण नागपुरात रेसिडेंट ठेवायचा हे कबूल करावं लागलं. निजामाशी वाद झाला तर निवाडा इंग्रज करणार. म्हणजे वसईच्या तहातलं जे कलम त्यांना खुपत होतं तेच, जरा कापून, त्यांच्या घरी आलं. ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी-अंजनगावला सही केली आणि गंगा-यमुनेचा दुआब, भडोच, अहमदनगर सोडलं.

देवगावच्या तहाचं दहावं कलम आमच्या बैठकीत सगळ्यात जास्त वेळ चाललं. त्यात म्हटलंय की इंग्रजांनी सेनासाहेब सुभ्यांच्या, म्हणजे भोसल्यांच्या, मांडलिकांशी काही करार केले आहेत, ते भोसल्यांनी मान्य करावेत. कोणत्या मांडलिकांशी? ती यादी तहाला गव्हर्नर जनरलची मंजुरी आल्यावर मिळेल. यादी न पाहता सही.

३८ तोफा, गाविलगड, सगळं गेल्यावर नाही म्हणायला हातात काय होतं, असा प्रश्न कोणी विचारला तर त्याला उत्तर नाही. पण मलकापूरच्या दोन महिन्यांत प्रत्येक शब्दावर घासाघीस करणाऱ्या दरबारानं शेवटी कोरी जागा असलेल्या कागदावर शिक्का उठवला. यादी आली तेव्हा तीत संबळपूर आणि पाटणा (ओडिशातलं, बिहारचं नव्हे) निघाले. रघूजी हबकले. १८०४ पासून नागपूरला रेसिडेंट म्हणून आलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला, जो आडगावच्या रानात वेलस्लीच्या शेजारी घोड्यावर होता, या एका प्रश्नावर दरबारात महिनोन्महिने कुरबुर ऐकावी लागली. १८०६ मध्ये कंपनीनं संबळपूर आणि पाटणा रघूजींना परत दिले.